मानेची रेघ

३ फेब्रुवारी

खारू,

सोबत एक कागद आहे. पेन्सिलने फुली केली आहे तिथे सही कर आणि परत पाठव. पाकीट घातलं आहे, त्यावर माझा पत्ताही लिहून ठेवला आहे, म्हणजे तुला एक अक्षरही लिहावं लागणार नाही. तुझा नवा पत्ता आतेबहिणीने दिला. तिच्यावर चिडू नकोस, मीच हात धुऊन तिच्या मागे लागले होते.

काम असं की बाबांचं ते शाईचं चित्र संग्रहालयाला हवं आहे. कुठलं ते तुला सांगायला नको. शाल पांघरून, आपल्याकडे पाठ करून स्टुलावर बसलेली बाई. मी ते देऊन टाकायचं ठरवलं आहे. बाबांच्या मागे आपण दोघीच, त्यामुळे दोघींच्या सह्या लागतात. संग्रहालयाच्या बाईंना म्हटलं, धाकटी सही करेल की नाही सांगवत नाही. बत्तीस वर्षांत मी तिला बारा पत्रं लिहिली. दोन परत आली, दहा परत आली नाहीत, म्हणजे ती तिला पोचली असावीत, एवढाच आमचा पत्रव्यवहार. बाई हसल्या. म्हणाल्या, तरी पाहा प्रयत्न करून.

चित्र का देतेस, असं तू विचारणार नाहीस. तरी सांगते, काच पुसायचा कंटाळा आला.

माझं बरं चाललं आहे. कानाच्या दवाखान्यातून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. गुडघे कुरकुरतात. घर तेच. पुढे बाबांची कामाची खोली, मग लांब बोळ, मागे आईची खोली. दुपारची मी घरात थांबत नाही. साडेतीन वाजायच्या आत चपला घालून बाहेर पडते ती पाचला परत येते. डॉक्टर म्हणतात, चालणं चांगलंच.

सही तेवढी विसरू नकोस.

ताई


२५ फेब्रुवारी

खारू,

सही पोचली. पाकिटात खरंच एक अक्षर जास्तीचं नव्हतं. मी उलटं करून झटकूनसुद्धा पाहिलं. पण सही अजून तीच, कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून पळाल्यासारखी. आई म्हणायची, हिला डॉक्टर करा, अक्षर तयारच आहे.

काल संग्रहालयाच्या बाई येऊन गेल्या. सोबत जुन्या कागदांची डागडुजी करणारे एक गृहस्थ होते. दोघांनी चित्र भिंतीवरून उतरवलं, जेवणाच्या टेबलावर पालथं घातलं, मागचे खिळे काढले आणि काच बाजूला केली. इतक्या वर्षांनी मी ते काचेशिवाय पाहिलं. काच होती तोवर तिच्यात खिडकी दिसायची, माझं तोंड दिसायचं, काही ना काही मध्ये असायचं. आता नुसती शाई.

त्या गृहस्थांनी भिंग धरलं आणि ते कागदावरून हळूहळू सरकवत नेलं. मग म्हणाले, शाल दोन मिनिटांत झाली असणार, कुंचला भरला आणि ओढला. पाय बोरूने काढलेत, कोरड्या खरखरीत रेघांनी. पण इथे मानेजवळ या. रेघ खाली उतरत होती, डोकं झुकलेलं येणार होतं. मध्येच ती थांबली आहे, तिथे शाई साचली आहे, आणि तिथून उसळी मारून डावीकडे वळली आहे. बसणारीने मान वळवली, आणि तुमच्या वडिलांनी कागद टाकून न देता रेघ तिच्या मागे नेली. शाईत खोडाखोड चालत नाही, मोठी छाती लागते याला. बाई म्हणाल्या, या एका रेघेसाठी आम्हाला चित्र हवं आहे.

मग त्यांनी कान दाखवला. बाकी सगळं झपाट्याने केलेलं, कान मात्र सावकाश, पाळीची घडीसुद्धा जागच्या जागी. जसा काही हाताशी वेळच वेळ होता. मला तो कान पाठ आहे, तरी मी वाकून पाहिलं. ती बाई बसलेली नाही, खारू. ती ऐकते आहे. मी त्या भिंतीकडे पाठ करून जेवते, पाठ करून वाचते, तरी मला ठाऊक असतं की ती मागे ऐकत बसली आहे.

बाईंनी विचारलं, ही तुमची आई ना? मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, पण इथे तर कोणीतरी समोर बसलेलं दिसतंय. मी म्हटलं, नाही, आई आजारी होती, बाबांनी आठवणीतून काढलं, ते स्वतःच तसं सांगायचे. बाईंनी वहीत लिहून घेतलं. त्या गृहस्थांनी भिंग खिशात ठेवता ठेवता माझ्याकडे पाहिलं.

बाबा तसं म्हणाले ते पहिल्यांदा तुलाच. तू पंचवीस वर्षांची होतीस. चित्र कुठल्याशा प्रदर्शनात जायचं म्हणून खाली उतरवलं होतं, आणि कोपऱ्यातली तारीख तू प्रथमच जवळून वाचलीस. आई गेली तो दिवस. जेवताना तू विचारलंस, त्या दिवशी तुम्ही हे काढत होतात? बाबा हो म्हणाले. कोण बसलं होतं? कोणी नाही, आठवणीतून काढलं.

तू म्हणालीस, "म्हणजे आई मागच्या खोलीत जमिनीवर पडून मरत होती आणि तुम्ही इथे बसून तिला आठवत होतात."

बाबा म्हणाले, "हो."

तू ताटावरून उठलीस आणि आठवडाभरात घर सोडलंस. बाबा गेले तेव्हाही आली नाहीस. मी त्याबद्दल तुला कधी बोल लावला नाही.

मी त्या जेवणाच्या वेळी काय करत होते ते तुला आठवत नसेल. मी जेवत होते.

ताई


१४ मार्च

खारू,

चित्र गेलं. भिंतीवर उजळ चौकोन राहिला आहे. वाटलं होतं, ते गेलं की सुटेन.

परवा पाय मुरगळला म्हणून दुपारी बाहेर पडता आलं नाही. खुर्चीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. साडेतीनच्या सुमारास माझी मान आपोआप डावीकडे, बोळाकडे वळली. कोणी हाक मारली नव्हती. घरात मी एकटी. मान वळली आणि तशीच राहिली, आणि मला कळलं की आपण कशा दिसतो आहोत.

ती आई नाही. ती मी आहे.

आता थांबले तर पुन्हा लिहिता येणार नाही, म्हणून सरळ सांगते.

त्या थंडीत आईला छातीचं दुखणं लागलं होतं. बाबांची बसणारी ती, लग्न झाल्यापासून. पण तिला दहा मिनिटंसुद्धा बसवेना, आणि बाबांचं प्रदर्शन तोंडावर आलं होतं. मला सर्दी होती, शाळेत गेले नव्हते. तू गेली होतीस. बाबा म्हणाले, तुझी पाठ आईसारखीच आहे, तिची शाल घे आणि बस. खारू, मला किती बरं वाटलं ते तुला कसं सांगू. पंधरा वर्षांत बाबांनी मला कधी नीट पाहिलंच नव्हतं. त्यांची नजर कायम आईच्या खांद्यावर नाहीतर कागदावर.

चांगल्या कागदाचे तीन ताव उरले होते. दोन वाया गेले. मी हलले म्हणून. बाबा रागावले नाहीत, नुसते श्वास सोडून ताव बाजूला सारायचे, ते जास्त लागायचं. तिसऱ्याला मी ठरवलं की मेले तरी हलायचं नाही. शाल झाली, पाय झाले, बोरूची करकर मानेपर्यंत आली, तेवढ्यात आईने हाक मारली. "ताई." तीही मला ताईच म्हणायची, तुझ्यामुळे. हाक मोठी नव्हती. पाणी हवं असलं की मारायची तशी. मी मान वळवली.

बाबा म्हणाले, "हलू नकोस."

मला वाटलं, तिसराही ताव गेला. पण करकर पुन्हा सुरू झाली, पहिल्यापेक्षा जोरात. मी मान तशीच वळलेली धरून ठेवली. थोड्या वेळाने दुसरी हाक आली. या वेळी मी हलले नाही. मग काहीतरी पडल्याचा आवाज आला. जड नव्हता. उशी पडावी तसा.

बाबा कान काढत होते. पंधरा मिनिटं, कदाचित वीस. मग त्यांनी बोरू खाली ठेवला, बोटं फडक्याला पुसली, कोपऱ्यात तारीख घातली आणि म्हणाले, जा आता, आईला काय हवंय बघ.

म्हणजे त्यांनीही ऐकलं होतं. हे वाक्य समजायला मला कितीतरी वर्षं लागली.

आई पलंग आणि दाराच्या मध्ये पडली होती. हात गरम होते. डॉक्टर येण्याआधी बाबांनी माझ्या खांद्यावरची शाल काढली, घडी केली आणि म्हणाले, तू वाचनालयात होतीस. मी म्हटलं, बाबा, मी... ते म्हणाले, "तू वाचनालयात होतीस. आत्ता आलीस." ते रडत नव्हते, पण शालीची घडी त्यांना धड घालता येत नव्हती. डॉक्टरांना त्यांनी विचारलं, थोडं आधी कळलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. तेच सगळ्यात वाईट झालं. होतं किंवा नव्हतं, एक काहीतरी सांगायला हवं होतं.

तू शाळेतून आलीस तेव्हा मी दारात उभी होते, आठवतं? पायात चपला होत्या. नुकतीच आल्यासारखी.

त्यानंतर आम्ही दोघं सदतीस वर्षं एका घरात राहिलो आणि एकदाही त्यावर बोललो नाही. एकदा सोडून. अगदी शेवटी शेवटी मी त्यांची नखं कापत होते. हात थरथरायचे, म्हणून मी मनगट घट्ट धरलं होतं. ते भिंतीकडे बघत म्हणाले, "तू हललीस म्हणून ते झालं." मी विचारलं, काय झालं? ते म्हणाले, चित्र. आणि दुसरा हात पुढे केला.

दवाखान्यात तीस वर्षं मी लोकांना त्या बंद खोलीत बसवलं, कानांवर यंत्र चढवलं आणि सांगितलं, आवाज आला की बटण दाबा. काहींना ऐकू येतं तरी ते दाबत नाहीत. काचेतून त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. विचारलं तर म्हणतात, नक्की वाटलं नाही. बाकीच्या मुली वैतागायच्या. मी कोणावर कधी वैतागले नाही.

संग्रहालयाला अजून काही कळवलेलं नाही. आधी तुला.

ताई


२ मे

खारू,

तू नीट पोचलीस असं आतेबहीण म्हणाली. मी विचारायला नको होतं, पण विचारलं.

दार उघडलं तेव्हा मी तुला ओळखलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. पांढरे केस, चष्मा. आई छत्तिसाव्या वर्षी गेली, आणि तू आता तिच्याहून एकवीस वर्षांनी मोठी आहेस. आपल्या आईची थोरली बहीण दारात उभी आहे असं वाटलं. तू चहा उभ्यानेच प्यायलीस. मी बस म्हटलं, तू नको म्हणालीस. संग्रहालयात जाऊन चित्र पाहून आलीस एवढंच सांगितलंस, कसं वाटलं ते नाही.

मग तू म्हणालीस, कुठे बसली होतीस ते दाखव. मी खुर्ची त्या जागी ओढली आणि बसले. तू बोळातून मागे गेलीस. आईच्या खोलीचं दार लोटल्याचा आवाज आला. मला वाटलं, रडायला गेलीस. आणि तिथून तू साध्या आवाजात म्हणालीस, "ताई."

मी केव्हा उठले, मला कळलं नाही. तू दार उघडलंस तेव्हा मी बोळाच्या मध्यावर भिंतीला हात लावून उभी होते. तू म्हणालीस, ऐकू येतं तर. अगदी स्पष्ट येतं. मी म्हटलं, हो.

त्यानंतर तू जे बोललीस ते मी तुझ्याच शब्दांत लिहून ठेवते, मला ते सौम्य करून आठवायचं नाही. तू म्हणालीस, "आईचं मी तुला काही म्हणत नाही. तू पंधरा वर्षांची होतीस. पण त्या दिवशी जेवताना तू एकतीस वर्षांची होतीस. मी त्यांना जे बोलले ते तू ऐकत बसलीस. एकवीस वर्षं मी त्यांना तोंड दाखवलं नाही, त्यांना खांदा द्यायला आले नाही, आणि तुला एक वाक्य बोलायचं होतं."

मी मनात अनेक उत्तरं तयार केली होती, बाबांनीच सांगितलं होतं, बाबांनाच ते तसं हवं होतं, वगैरे. ती खरीही आहेत. पण बाबांनी आपल्या अंगावर घेतलं आणि मी घेऊ दिलं. मला ते सोयीचं होतं. ते तुझ्या नजरेतून उतरले आणि मी मात्र तुझी ताई राहिले.

निघताना तू चपला घालत होतीस, खाली वाकून, माझ्याकडे न बघता. विचारलंस, दोन्ही वेळा तिने तुलाच हाक मारली? मी म्हटलं, हो, दोन्ही वेळा ताई. तू मान हलवलीस आणि जिना उतरलीस.

मी पुन्हा खोटं बोलले. एवढं सगळं कबूल केल्यावरही.

पहिली हाक माझी होती. दुसरी तुझी होती. आई "खारू" म्हणाली. तू गालात खाऊ साठवायचीस म्हणून तिनेच तुला ठेवलेलं नाव. तू शाळेत होतीस, तिला माहीत होतं, सकाळी तिनेच तुझ्या वेण्या घातल्या होत्या पलंगावर बसून. तरी तिने तुला हाक मारली. मला वाटलं, गुंगीत बरळते आहे. मला वाटलं, खारू घरात नाही, मग ही हाक कोणासाठीच नाही. हे सगळं मला वाटलं, आणि त्याच्या तळाशी आणखी एक होतं. मला राग आला. पहिल्या हाकेला मी मान वळवली होती, बाबांचं ऐकून घेतलं होतं, आणि दुसरी हाक आली ती तुझी. मी म्हटलं, मारू दे तिला. मी नाही जात.

एवढंच आहे सगळं. अठ्ठेचाळीस वर्षं.

आईचा शेवटचा शब्द तुझा होता, आणि तो मी तुला दिला नाही. आधी, दिला असता तर मी घरात होते हे सांगावं लागलं असतं म्हणून. आणि परवा, घरात होते हे सांगून झाल्यावरही, तो एवढी वर्षं नुसता माझ्याजवळ होता म्हणून. तू लहानपणी विचारायचीस, आई जाताना काही म्हणाली का, आणि मी तुझ्या केसांतून हात फिरवत सांगायचे, नाही गं, झोपेतच गेली.

संग्रहालयाच्या बाईंना सगळं लिहून कळवलं आहे. या पत्रानंतर तू मला पुन्हा कधीच भेटली नाहीस तरी माझी तक्रार नसेल.

ताई


११ मे

खारू,

तुझ्याशी फोनवर बोलून झाल्यावर लगेच लिहायला बसले आहे. झालं ते माझ्याजवळ लिहिलेलं असावं, आणि तुझ्याजवळही.

सकाळी फोन वाजला तेव्हा मी संग्रहालयाचं पत्र वाचत होते. पाटी बदलणार आहेत. 'कलावंताची थोरली मुलगी, वय पंधरा', असं लिहिणार. मला वाटलं त्यांचाच फोन. मी उचलून म्हटलं, पत्र मिळालं. पलीकडून तू म्हणालीस, "मलाही मिळालं."

तुझ्याकडे कुठेतरी नळ वाहत होता. मी बंद कर म्हणणार होते.

तू विचारलंस, "कशी म्हणाली?"

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, म्हणजे? तू म्हणालीस, कशी म्हणाली, मोठ्याने, हळू, घाबरून, कशी. मला तिचा आवाज आठवत नाही, ताई. मी नऊ वर्षांची होते. तिचं तोंड आठवतं, आवाज गेला. तुला येत असेल तर तशी म्हणून दाखव.

मला येतं. तेवढंच तर मला येतं. रोज दुपारी साडेतीनला मी त्याच्यापासूनच पळत आले.

मी घसा साफ केला. माझा आवाज आता फाटका झाला आहे, आणि आईचा कसा होता ते कुठे नेऊन दाखवू. तरी डोळे मिटले आणि म्हटलं. पहिलं अक्षर तोडून, दुसरं लांबवत वर नेऊन, तू खाली अंगणात खेळत असावीस आणि तिला घाई नसावी तसं. घाबरून नव्हती म्हणाली ती, खारू. हे मी आज म्हणून पाहिलं तेव्हा मलाही पहिल्यांदा कळलं. ती मदतीला बोलावत नव्हती. तुला बोलावत होती.

पलीकडे काहीच आवाज येईना. नळही थांबला होता. मला वाटलं, तू फोन ठेवलास. मी कानाशी तसाच धरून बसले.

आणि मग तू ओ दिलीस.

ताई